शेजारणीच्या हातावरचं गोंदण

माउंट रॉस्किलच्या भाड्याच्या घरात आम्ही राहायला गेलो तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, या गल्लीत माणसंच राहत नाहीत. सकाळी साडेसातला गाड्या निघायच्या. मुलगा त्याच्या कंप्युटरच्या ऑफिसात, सून बँकेत. मग संध्याकाळपर्यंत मी आणि भिंती. माझे मालक वारल्यावर मुलानं मला गावाकडून इकडं ऑकलंडला आणलं. दोन हजार साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. तो चांगलं करायला गेला, म्हणून मी काही बोलले नाही.

घरामागं थोडी जागा होती. तिथं मी कोथिंबीर टाकली, मेथी टाकली. मध्ये लाकडी कुंपण, माझ्या छातीएवढं. पलीकडं एक गोरी म्हातारी एकटी राहायची. म्हातारी म्हणतेय खरी, पण मीसुद्धा तेव्हा सत्तरीला टेकलेली. ती माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी असेल. बुटकी, पाठीत वाकलेली, आणि बारा महिने अंगात लांब बाह्यांचा करडा कोट.

तिच्याकडं फिजोआचं झाड होतं. हिरवं, अंड्याएवढं फळ, पेरूच्या वळणाचं. थंडी सुरू व्हायच्या आधी त्याचा नुसता सडा पडतो. तिनं एक दिवस पिशवीभर फळं कुंपणावर ठेवली आणि माझ्याकडं बोट केलं. मी घेतली. रिकामी पिशवी कशी परत द्यायची, म्हणून कोथिंबिरीची जुडी घालून दिली. तिनं वास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि तरी घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी कुंपणाशी येऊन म्हणाली, "सूप. व्हेरी बॅड." आणि हसायला लागली. मी पण हसले. एवढंच.

मग रोज अकरा वाजता ती कुंपणाशी यायची. मी मराठी चौथीपर्यंत शिकले, इंग्रजी कुठून येणार. सून म्हणाली, "आई, तिचं इंग्रजी पण इथलं नाही. ती युरोपातून आलेली आहे कुठून तरी." म्हणजे आम्ही दोघी सारख्याच. ती मला लेडी म्हणायची, मी तिला बाई म्हणायची. हातवारे करून निभायचं. मी कपाळाला हात लावून दाखवलं की मालक गेले. तिनं पण बोटातली अंगठी दाखवली आणि आकाशाकडं बघितलं. मुलं किती म्हणून तिनं विचारलं. मी दोन बोटं वर केली आणि एक खाली घेतलं. ती माझ्या त्या खाली घेतलेल्या बोटाकडं बघत राहिली. तिला स्वतःला मूल नव्हतं.

तिच्या कोटाच्या खिशात नेहमी पाव असायचा. वाळलेल्या कडा, तुकडे. बोलता बोलता खिशात हात घालून चाचपायची, आहे का नाही ते. मला त्याचं नवल वाटलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात मी खडी फोडायच्या कामावर होते. धाकटी मुलगी त्या कामावरच दगावली. तेव्हापासून भाकरीचा तुकडा टाकायला माझा हात होत नाही. इथं सुनेच्या फ्रिजच्या मागं मी फडक्यात वाळलेल्या पोळ्या बांधून ठेवायची. सुनेला सापडल्या की म्हणायची, "आई, मुंग्या होतात. कोपऱ्यावर डेअरी आहे, म्हणजे दुकान, पाव तिथं हवा तेवढा मिळतो."

"मिळतो ना," मी म्हणायची. "राहू दे तरी."

आता माझ्या हातून काय झालं ते सांगते.

माझ्या हनुवटीवर तीन ठिपके आहेत आणि डाव्या हातावर कोपरापासून मनगटापर्यंत गोंदण आहे. तुळस, विंचू, आणि ठिपक्यांची रांग. सात वर्षांची असताना गोंदणारीण आली होती, तिच्याकडून आईनं काढून घेतलं. इथं आल्यावर मला त्याची जरा लाज वाटायची. सुनेच्या मैत्रिणी पुण्या-मुंबईच्या, त्यांच्या आयांच्या हातावर असलं काही नाही. पण एकदा बस स्टॉपवर एक माओरी बाई, इथल्या मूळच्या लोकांतली, बसली होती, माझ्याच वयाची. तिच्या सगळ्या हनुवटीवर गोंदलेलं होतं, वेलबुट्टीसारखं. तिनं माझ्याकडं बघितलं, आपल्या हनुवटीला बोट लावलं, मग माझ्या हनुवटीकडं दाखवलं आणि म्हणाली, "किया ओरा." त्यांचा नमस्कार आहे तो. बसमधून उतरेपर्यंत माझी मान ताठ होती. मनात म्हटलं, या मुलखात गोंदणाला मान आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, फेब्रुवारीतल्या, म्हणजे इथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, उन्हाचं, बाई मागं चादरी वाळत घालत होती. कोट काढून ठेवलेला आणि आतल्या सदऱ्याच्या बाह्या वर सारलेल्या. ओली चादर जड असते, तिला पेलेना. मी कुंपणातल्या फाटकातून पलीकडं गेले आणि चादरीचं दुसरं टोक धरलं. तेव्हा मला तिचा हात दिसला. डाव्या हातावर, कोपराच्या खाली, निळसर गोंदलेलं.

मला इतका आनंद झाला. गोरी बाई, आणि आमच्यासारखं गोंदण. अक्षरं होती का आकडे, मी बघितलंसुद्धा नाही. आमच्याकडं पण कुणी भावाचं नाव गोंदतं. मी तिचा हात धरला, माझा हात त्याच्याशेजारी ठेवला आणि माझ्या इंग्रजीत म्हटलं, "सेम सेम. मदर डू?"

तिनं दोन्ही हातांकडं बघितलं. मला वाटलं, कळलं नसेल. मग मी तिला आईचं सांगणं सांगायला गेले. आई सांगायची, सोनंनाणं सगळं इथंच राहतं, मेल्यावर बाईच्या संगं तिचं गोंदण तेवढं जातं. देवाच्या दारात त्यावरून ओळख पटते. आम्ही पुढं देव सोडले, घरात बुद्धाची वंदना सुरू झाली, पण आईचं बोलणं माझ्यातून सुटलं नाही. मी गळ्यातल्या मण्यांना हात लावून म्हटलं, "धिस नो गो." मग तिच्या हातावर बोट ठेवलं, वर आभाळ दाखवलं आणि म्हटलं, "धिस गो. यू डाय, धिस गो. गॉड सी."

तिनं हात ओढून घेतला. मारल्यासारखी माझ्याकडं बघत होती. मग आत गेली आणि दार लावलं. चादर अर्धी दांडीवर, अर्धी माझ्या हातात. मी ती नीट घातली, चिमटे लावले आणि घरी आले. दुपारी पाऊस आला. ती चादर काढायला बाहेर आली नाही. दोन दिवस चादरी तशाच लोंबत होत्या.

संध्याकाळी सुनेला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी थांबली.

"आकडे होते?"

"असतील. निळे होते."

"आई, तुम्ही तिचा हात धरून असं म्हणालात?"

"काय वाईट म्हटलं मी?"

तिनं सुरी खाली ठेवली आणि मला खुर्चीवर बसवलं. मग तिनं सांगितलं. युरोपात मोठी लढाई चालू होती तेव्हा जर्मनीत राज्य करणाऱ्यांनी ठरवलं की ज्यू म्हणून जेवढी माणसं आहेत तेवढी मारायची. गावंच्या गावं आगगाडीत कोंबून नेली. म्हातारी, पोरंसोरं लगेच मारली. जे कामाला चालतील त्यांच्या हातावर नंबर टोचले, जनावरावर खूण करतात तसे.

"पोरंसुद्धा?" मी विचारलं.

"हो."

"आणि मढी?"

"जाळली. सगळी एकत्र. आई, पुरे आता."

त्या लढाईच्या वेळी मी लहान होते. आमच्या गावातली दोन माणसं फौजेत गेली होती आणि रॉकेल मिळत नव्हतं, एवढीच लढाई मला ठाऊक. हे कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या अंगावर काही लिहिलेलं नव्हतं तरी गावातले लोक आम्हाला लांबूनच ओळखायचे आणि बाजूला व्हायचे. मला वाटायचं, माणूस माणसाशी याच्यापेक्षा वाईट ते काय वागणार. त्या दिवशी मी जेवले नाही. सुनेनं पण जेवा म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बाई आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी कोथिंबीर कुंपणावर ठेवायची, ती वाळून जायची. आठ दिवस, पंधरा दिवस. पडद्यामागं सावली हलायची तेवढी दिसायची. माझ्या आयुष्यात माझ्याशी बोलणं टाकलेली माणसं पुष्कळ झाली, मी कधी कुणाच्या दाराशी गेले नाही. पण या देशात मला हाक मारणारं दिवसभरात ते एकच माणूस होतं, आणि त्याला मी दुखवलं होतं.

माफी मागायची तर शब्द नाहीत. मला एकच सुचलं. माझं गोंदण तिच्या डोळ्यांपुढं यायला नको. ते बघून तिला तिचं आठवणार. मुलाचा एक जुना लोकरी स्वेटर होता, हातावर उतरणारा. मी मागं जाताना तो घालायला लागले. आणि हनुवटीवर पदर.

सून म्हणाली, "आई, अठ्ठावीस डिग्री आहे बाहेर. लोकं पोहायचे टॉग्ज घालून समुद्रावर पडलीत आणि तुम्ही स्वेटरमध्ये मेथी खुडताय."

"मला थंडी वाजते."

"घामानं मान भिजलीय तुमची."

"थंडीचा घाम आहे," मी म्हटलं.

तीन आठवडे झाले असतील. मी खाली वाकले होते, वर बघते तर बाई कुंपणाशी. किती वेळ उभी होती देव जाणे. तिनं वरून हात घालून माझी बाही चिमटीत धरली.

"हॉट," ती म्हणाली.

मी मान हलवली. नाही म्हणून.

"लेडी, यू क्रेझी. हॉट." आणि तिनं स्वतः माझी बाही वर सारली, हळूहळू, कोपरापर्यंत. मग माझ्या विंचवाकडं बघत म्हणाली, "संडे. ब्रिंग डॉटर."

म्हणजे सून.

रविवारी आम्ही दोघी गेलो. तिच्या स्वयंपाकघरात टेबल, तीन खुर्च्या, आणि कपाटावर पावाच्या पिशव्या रचलेल्या. सुनेनं त्या बघितल्या आणि माझ्याकडं बघितलं. बाईनं चहा दिला. ती सुनेशी बोलायची, सून मला सांगायची.

पहिल्यांदा तिनं माझंच विचारलं. कुणी काढलं, कशानं, दुखलं का. मी सांगितलं, काजळी आणि सुया, आणि दुखलं, पण आईनं मांडीवर धरलं होतं. तोंडात गुळाचा खडा घातला होता हे मी सांगितलं नाही. त्या घरात ते सांगावंसं वाटेना.

मग ती सांगायला लागली. ती हंगेरीतल्या एका लहान गावातली. वडलांचं कापडाचं दुकान. ती सोळा वर्षांची, बहीण चौदाची. गाडीतून उतरवल्यावर आईला दुसऱ्या रांगेत घातलं, ती परत दिसली नाही. या दोघी एका रांगेत राहिल्या. नंबर टोचायला उभं केलं तेव्हा धाकटी पुढं होती. हिनं तिला मागं ओढलं आणि आपण पुढं झाली. का, तर आपलं आधी झालं म्हणजे तिला सांगता येईल.

"काय सांगता येईल?" मी विचारलं.

सुनेनं विचारलं. बाई म्हणाली, आणि सून मला म्हणाली, "की दुखत नाही."

मग तिचा नंबर आधीचा आणि बहिणीचा पुढचा. थंडीत बहिणीला ताप आला. पुढचं बाई बराच वेळ बोलली, पण सून काही सांगेना, खाली बघत बसली.

"काय म्हणते?"

"आई, हे मी नाही सांगत."

"सांग. तिनं सोसलंय, आपण ऐकू तरी."

सुनेनं सांगितलं. मी ऐकलं. ते इथं लिहीत नाही. बहीण गेली. तिचा फोटो नाही, कबर नाही. लढाई संपल्यावर बाईला एक चुलता इकडं सापडला, बोटीनं ती त्याच्याकडं आली, लग्न झालं, नवऱ्याबरोबर शिलाईचं दुकान चालवलं, पन्नास वर्षं झाली.

मग ती माझ्याकडं वळली आणि सुनेला म्हणाली, नीट विचार हिला.

सून म्हणाली, "त्या म्हणतात, मी देव मानत नाही. तिकडंच सोडला. पण तू म्हणालीस हे बरोबर जातं. तेव्हापासून मी तेच घोळवते. मेल्यावर पण मी त्या मारणाऱ्यांच्या यादीतलीच राहणार का? आणि पुसून गेलं तर माझ्या बहिणीच्या शेजारी उभं राहायला माझ्याकडं दुसरं काय आहे? त्या म्हणतात, तू बोललीस, आता तूच सांग. जातं का नाही?"

मी म्हटलं, "मी अडाणी बाई. माझी आई म्हणायची म्हणून मी म्हटलं. मला माहीत नाही."

बाईनं ऐकलं, मान हलवली, आणि मला आणखी चहा ओतला. सोमवारी अकरा वाजता कुंपणाशी आली. पण ते विचारणं तिच्या मनातून गेलं नव्हतं. मधूनच हाताकडं बोट करून भुवई वर करायची, म्हणजे, कळलं का काही? मी मान हलवायची.

त्या थंडीत ती पडली. काही दिवस हॉस्पिटलात, मग तिनंच हट्ट केला म्हणून घरी. सकाळ-संध्याकाळ नर्स यायची. दुपारी मी जायची. तांदळाची पेज न्यायची, मीठ घालून. तिला ती आवडायची, कोथिंबीर नसली तर. उशीखाली पाव होता. नर्सनं काढला की मी परत ठेवायची.

एक दिवस पेज नको म्हणाली. चादरीतून डावा हात बाहेर काढला, बाही वर केली आणि म्हणाली, "लेडी. टेल नाउ. गो, नो गो?"

माझ्या तोंडात आलं होतं, की बाई, काही जात नाही. मी मालकांना जाळलेलं बघितलं, दुसऱ्या दिवशी हाताला राखच लागते. तोंडापर्यंत आलेलं मी गिळलं. जळण्याचं या बाईपुढं काढायचं नाही, एवढी अक्कल मला तोवर आली होती.

मी माझा हात तिच्या हाताशेजारी ठेवला. पहिल्यांदा ठेवला होता तसाच. सून जवळ नव्हती, जे काही इंग्रजी होतं त्यातच म्हटलं, "मदर गिव्ह, गो." माझी तुळस दाखवली. मग तिच्या नंबरावर तळवा पालथा ठेवला, झाकून. "बॅड मॅन गिव्ह, नो गो. स्टे हिअर."

तिनं विचारलं, "हू सेज?"

"मी."

"यू?"

"मी," मी म्हटलं. माझ्या आईनं एक सांगितलं होतं, तर मी एक सांगू शकते. सत्तर वर्षांची झाले होते.

तिला हसू आलं, त्यातून खोकला आला. पाणी पाजलं. मग हळूच म्हणाली, "बट सिस्टर? हाऊ सी मी?"

मी तिच्या गालाला हात लावला, कपाळाला लावला. "सिस्टर लूक फेस. नो लूक हँड." धाकटी कधी थोरलीचा हात बघून ओळखते का? तोंडच बघते. रांगेत पण ती तोंडच बघत असणार, दुखतंय का ते कळायला. हे मला इंग्रजीत सांगता आलं नाही. मराठीतच सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग तिनं मला बहिणीचं नाव सांगितलं. मला म्हणायला लावलं. पहिल्यांदा चुकलं, दुसऱ्यांदा बरोबर आलं. ते नाव मी कागदावर घालत नाही.

पुढच्या आठवड्यात ती गेली. त्यांच्यात उशीर करत नाहीत. त्यांच्या समाजातल्या बायका येऊन अंघोळ घालतात, कापडं घालतात, आणि पेटी बंद. तोंड बघायला मिळत नाही. सुनेनं बँकेतून रजा काढली आणि मला घेऊन गेली. कबरीपाशी अंघोळ घालणाऱ्यांतली एक बाई होती, पांढऱ्या केसांची. मी सुनेला म्हटलं, "तिला विचार, हात झाकलाय का."

"आई, असं विचारतात का कुणाला?"

"विचार."

तिनं विचारलं. त्या बाईनं माझ्याकडं बघितलं, माझ्या हनुवटीकडं, आणि मग सुनेला सावकाश सांगितलं. पांढरी साधी कापडं असतात, हातानं शिवलेली. गरीब-श्रीमंत सगळ्यांना सारखीच. खिसा नसतो. आणि बाह्या लांब असतात, हातांच्याही पुढं जातात.

"म्हणजे दिसत नाही?"

"नाही दिसत, आई."

खिसा नसतो हे ऐकून मला तो पाव आठवला. म्हटलं, आता नको असेल.

माती टाकताना पहिलं फावडं ती माणसं उलटं धरतात. माती थोडीच पडते. सून म्हणाली, आपल्याला घाई नाही हे दाखवायला. माझी पाळी आली तेव्हा मी पण उलटं धरलं. माती टाकली, आणि त्याबरोबर एक नाव घेतलं. फावडं पुढच्याला दिलं.

परतताना गाडी सून चालवत होती. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "माती टाकताना काय पुटपुटलात?"

"धाकटीला हाक मारली," मी म्हटलं. "थोरली येतेय म्हणून."